पांढऱ्या पानांचा होस्टा दरवर्षी लहान का होत जातो? कारण शोधण्याचा क्रम आणि उपाय

होस्टा म्हणजे थंड प्रदेशांतल्या बागांत सावलीत, पानांसाठी लावले जाणारे रोप. त्याच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. रोप आणले तेव्हा तीन कोंब होते, बारा-पंधरा पाने होती. दुसऱ्या वसंतात दोनच कोंब आले आणि पाने लहान झाली. तिसऱ्या वर्षी एकच कोंब आणि त्याला तळहाताएवढी तीन पाने. चौथ्या वर्षी जागा रिकामी. शेजारचा साधा हिरवा किंवा निळा होस्टा मात्र त्याच मातीत, त्याच सावलीत चांगला पसरलेला असतो. न्यू जर्सी, मिशिगन, ऑन्टारियो किंवा इंग्लंडमध्ये घरामागे बाग असलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. 'फायर अँड आइस', 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', 'व्हाइट ख्रिसमस', 'व्हाइट फेदर' यांच्यासारख्या जातींबाबत ही तक्रार विशेष येते. पानाचा मधला भाग पांढरा किंवा अगदी फिका आणि हिरवा रंग फक्त काठाला, अशी यांतली बहुतेक मंडळी; 'व्हाइट फेदर' तर वसंतात जवळजवळ पूर्ण पांढरी येते.

अशा वेळी पहिल्यांदा खताची पिशवी आणली जाते. ती तूर्त बाजूला ठेवा. बारीक होत चाललेल्या होस्टाचे कारण बहुतेक वेळा मुळाशी किंवा उजेडात असते आणि खताने ते झाकलेच जाते.

रोप खरेच लहान होते आहे ना, याची आधी खात्री करा. या जाती मुळातच संथ आहेत. दोन वर्षे आकार तसाच राहिला तर काळजीचे कारण नाही. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ला भरदार गड्डा व्हायला पाच-सहा वर्षे सहज लागतात. दरवर्षी मेअखेरीस, पाने पूर्ण उघडल्यावर, कोंब मोजा आणि सर्वांत मोठ्या पानाची रुंदी पट्टीने मोजून कुठेतरी लिहून ठेवा. दोन वर्षे लागोपाठ दोन्ही आकडे घसरले तर पुढचे सगळे तुमच्यासाठी आहे. कोंब वाढले पण पाने लहान झाली, तर रोप बहुधा अजून लहान वयाचे आहे. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) केलेली रोपे सुरुवातीला अशी वागतात आणि वेळ गेला की आपोआप सुधारतात.

पांढरा भाग खातो, कमावत नाही

पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तिथे अन्न तयार होत नाही. घरात दोघे कमावते आणि आठ खाणारे असावेत, तसा या रोपाचा हिशेब असतो. 'पेट्रियट'मध्ये पानाचा मध्य हिरवा आणि काठ पांढरा असतो. त्याचाच उलटा अवतार म्हणजे 'फायर अँड आइस', पांढरा मध्य आणि हिरवा काठ. रंग तेच, फक्त जागा बदललेली. तरी 'पेट्रियट' जोमाने वाढतो आणि 'फायर अँड आइस' रखडतो, कारण पानाचे मोठे क्षेत्रफळ मध्यभागी असते.

दुसरी गोष्ट लक्षात घेतली नाही तर उपाय करूनही निराशाच पदरी पडते. वसंतात येणारी पाने आदल्या उन्हाळ्यात गड्ड्यात साठवलेल्या अन्नावर येतात. किती डोळे फुटायचे आणि पाने साधारण केवढी व्हायची, हे मागच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ठरून गेलेले असते. म्हणजे या मे महिन्यातले खुरटे रोप मागच्या उन्हाळ्याची गोष्ट सांगत असते आणि आज केलेल्या दुरुस्तीचा निकाल पुढच्या मे महिन्यात लागतो. आठ दिवसांत फरक दिसत नाही म्हणून उपाय बदलत बसणाऱ्यांची रोपे त्या बदलांनीच थकतात.

आधी उकरून बघा

हे काम वसंतात कोंब दोन-तीन इंच वर आले की करावे, नाहीतर ऑगस्टच्या शेवटी. भर उन्हाळ्यात नको. गड्ड्यापासून आठ-दहा इंच लांब, चारही बाजूंनी काटेरी फावडे खोल घाला आणि मातीसकट पूर्ण रोप वर उचला. उचलतानाच अर्धे उत्तर मिळते.

फावडे आत जाईना, आणि उचललेल्या मातीत बारीक तपकिरी-लालसर मुळांची चटई निघाली, तर ती झाडाची मुळे आहेत. होस्टाची स्वतःची मुळे पांढरट, मांसल आणि दोऱ्यापेक्षा बरीच जाड असतात. दोन्हींत गल्लत होत नाही. मेपल, बर्च आणि विलो यांची मुळे उथळ आणि अधाशी असतात. तुम्ही होस्टासाठी खड्डा खणून उत्तम कंपोस्ट भरले, की ती मेजवानी त्यांना आपसूक मिळते. दोन-तीन वर्षांत खड्डा भरून जातो आणि होस्टाला पाणी पोचतच नाही. वरून रोज पाणी घातले तरी पहिला घोट मेपलचाच. दरवर्षी लहान होत जाणाऱ्या होस्टांमध्ये सर्वाधिक वेळा हेच कारण निघते. हिरवा होस्टा हा त्रास सोसून नेतो, पांढरा नेत नाही. म्हणून एकाच झाडाखाली एक टिकतो आणि एक जातो.

यावर मुळे छाटणे हा उपाय नाही, पुढच्या वर्षी ती दुप्पट येतात. खड्ड्याला तणरोधक कापडाचे अस्तर लावले तरी ते दोन-चार वर्षेच पुरते. झाडाखालीच ठेवायचे असेल तर रोप मोठ्या कुंडीत लावा आणि कुंडी जमिनीत न पुरता फरशीवर ठेवा. पुरायचीच असेल तर दर वसंतात ती उचलून एक चतुर्थांश फिरवून ठेवा, म्हणजे छिद्रांतून आत शिरलेली मुळे तुटतात. ओक आणि बहुतेक फळझाडे त्या मानाने सुसह्य. शक्य असेल तर नव्या होस्टासाठी जागा तिथेच शोधा.

मुळांची चटई नाही, पण गड्ड्याभोवती कुंडीच्या आकाराचा तपकिरी, हलका गोळा जसाच्या तसा बसलेला दिसला, तर रोप लावताना नर्सरीतले माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरलेले मिश्रण) धुतलेले नव्हते. पीटचा (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा) हा गोळा एकदा सुकला की पुन्हा भिजत नाही. पाणी त्याच्या कडेने निघून जाते. भोवती चिकणमाती असेल तर याच्या उलटही होते. पावसात गोळ्यात पाणी साचून राहते आणि मुळे कुजतात. मुळे गोळ्याच्या बाहेर गेलेलीच नसतात. अशा वेळी रोप बादलीत तासभर बुडवून ठेवा, नळीच्या पाण्याने सगळे माध्यम धुऊन काढा, काळी आणि मऊ मुळे कापा. खड्ड्यात मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर गड्डा बसवा आणि मुळे चहूबाजूंना पसरून माती लोटा. नवे रोप आणल्यावर हे पहिल्याच दिवशी केले तर पुढचा खटाटोप वाचतो.

खोलीही तपासा. गड्डा आणि मुळे जिथे जुळतात ती रेघ मातीच्या पातळीला हवी. दरवर्षी वरून मल्च (पालापाचोळा, साल यांचे आच्छादन) टाकत गेल्याने ती हळूहळू दोन-तीन इंच खाली जाते, आणि मग कोंबाला वर येण्यातच साठा खर्चावा लागतो. मल्च पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि देठांना टेकलेला तर मुळीच नको.

रोप उचलताना अलगद हातात आले आणि खाली मुळेच नव्हती, तर ते व्होलचे काम आहे. हा उंदरासारखा प्राणी हिवाळ्यात मल्चखालून बोगदे करत येतो आणि गड्डा कुरतडतो. एखादा डोळा आणि नखाएवढा जरी गड्डा शिल्लक असेल तर तो कुंडीत लावा, बऱ्याचदा जगतो. पुढच्या वेळी पाव इंची छिद्रांच्या लोखंडी जाळीची टोपली करून तिच्यात रोप लावा.

गड्डा मऊ आणि वास येणारा असेल तर कूज. देठ तळाशी पिवळे-तपकिरी होऊन ओढताच सुटत असतील आणि मातीलगत पांढरे धागे व मोहरीच्या आकाराचे तपकिरी दाणे दिसत असतील, तर ती स्क्लेरोशियम बुरशी आहे. महाराष्ट्रात भुईमुगाची खोडकूज करणारी मंडळी याच कुळातली. उष्ण, दमट हवेत ती झपाट्याने पसरते. ते दाणे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून रोपाभोवतीची वरची सहा इंच माती आणि मल्च उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. गड्डा कठीण, पांढऱ्या भागापर्यंत कापून नव्या माध्यमात लावा. मूळ जागी दोन-तीन वर्षे होस्टा लावू नका.

उजेड: सावलीत लावा, पण किती सावलीत?

होस्टा म्हणजे सावलीचे झाड, हे वाक्य पांढऱ्या जातींच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. गर्द सावलीत हिरव्या होस्टाचे भागते, कारण त्याचे सगळे पान कामाला असते. पांढऱ्याला उरलेल्या हिरव्या काठावर जगायचे असते, तेव्हा त्याला जास्त उजेड लागतो. आणि नेमका तोच पांढरा भाग कडक उन्हात पहिल्यांदा करपतो. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे सकाळचे ऊन. सकाळी दहा-साडेदहापर्यंत दोन ते तीन तास थेट ऊन, नंतर दिवसभर उघडी, विखुरलेली सावली. घराची पूर्वेकडची भिंत यासाठी उत्तम. दुपारी एक ते चार या वेळेतले ऊन अर्धा तासही नको. मिनेसोटा किंवा ऑन्टारियोसारख्या उत्तरेकडच्या ठिकाणी सकाळचे ऊन चार तासांपर्यंत चालते. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनात दीड-दोन तास पुरे.

जागेचा अंदाज एप्रिलमध्ये घेऊ नका. तेव्हा झाडांना पाने नसतात. जूनच्या मध्यावर एखाद्या रविवारी सकाळी आठपासून दर तासाला त्या जागेचा फोटो काढा. किती तास ऊन पडते हे डोळ्यांनी ठरवायला गेले की चुकते, फोटोत चुकत नाही.

पाने तपकिरी झाली की सरसकट 'उन्हाने जळले' म्हणतात, पण तपकिरी डाग पाच कारणांनी पडतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पांढऱ्या मध्यावर, काठाला हात न लावता, जुलैमध्ये पातळ कागदासारखे तपकिरी डाग पडून भोके पडली, तर तो भाग विरघळतो आहे. पांढऱ्या पेशी नाजूक असतात, दुपारचे ऊन किंवा त्यांवर साचलेले पाणी त्यांना मारायला पुरेसे होते. दुपारची सावली वाढवा, पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला. मात्र करपलेली पाने कापू नका. काठ हिरवा आहे तोवर ते पान कमावते आहे. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या.

मे महिन्यात, पान उघडून पंधरा दिवस होतात न होतात तोच काठ गंजल्यासारखे झाले, तर ती वसंतातली होरपळ. 'फ्रान्सिस विल्यम्स' यासाठी बदनाम आहे. 1936 मध्ये कनेक्टिकटच्या ब्रिस्टल नर्सरीत सापडलेली ही जात अजूनही सगळीकडे विकली जाते आणि अजूनही दर वसंतात तिचे काठ होरपळतात. कोरडा वारा आणि सकाळचे कडक ऊन एकत्र आले की त्रास वाढतो. तशाच रूपाची 'ऑलिव्ह बेली लँगडन' लावली की प्रश्नच मिटतो. तिला हा त्रास जवळजवळ होत नाही.

पान वाटीसारखे आत वळून काठाला फाटत असेल, तर काठ मधल्या भागापेक्षा हळू वाढतो आहे. दोरी ओढलेल्या बटव्यासारखे ते पान दिसते. हा त्या जातीचा स्वभाव, त्याला उपाय नाही. वसंतात पाणी कमी पडू दिले नाही तर थोडा सौम्य राहतो इतकेच.

जुलै-ऑगस्टमध्ये शिरांच्या मधोमध, शिरेला समांतर सरळ तपकिरी पट्टे उमटले तर पानातले सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. ते पाण्याच्या शिंतोड्यांवरून पसरतात. रोप काढून टाकणे हाच खात्रीचा मार्ग. निदान पानांवरून पाणी घालणे बंद करा आणि हिवाळ्यापूर्वी सगळी पाने उचलून जाळा किंवा कचऱ्यात टाका.

आणि एप्रिल-मेमधल्या उशिराच्या कडाक्याने पाने पारदर्शक होऊन लोळली, तर ते हिम. एरवी किरकोळ वाटणारी ही गोष्ट पांढऱ्या होस्टाला महागात पडते. पहिली पालवी गेली की दुसरी काढावी लागते आणि तीही त्याच तुटपुंज्या साठ्यातून. रात्रीचे तापमान दोन अंश सेल्सियसखाली जाणार असेल तर जुनी चादर, सुती साडी किंवा उलटी बादली झाका आणि सकाळी काढा. प्लास्टिक पानाला टेकले तर टेकलेल्या जागीच पान गोठते.

हिरवा कोंब घर बळकावतो तेव्हा

काही वेळा रोप लहान होत नाही, उलट जोमात वाढते, पण पांढरा रंग कमी होत जातो. हे का होते ते समजले की कापण्याची भीती जाते. रंगीत पानांचा होस्टा म्हणजे एकाच कोंबात दोन प्रकारच्या पेशींचे थर एकावर एक. बाहेरच्या थरातून पानाचा काठ घडतो, आतल्या थरांतून मधला भाग. नवा डोळा फुटताना हे थर कधी नीट एकावर एक बसत नाहीत आणि एखादा कोंब पूर्ण हिरवा निघतो. तो पूर्ण पानाने कमावतो, म्हणून दोन-तीन वर्षांत रंगीत कोंबांना मागे टाकतो. जुनी 'अंड्युलाटा' जात तर कालांतराने पूर्ण हिरवी, 'अंड्युलाटा एरोमेना', होऊन बसते.

कोंबाला दोन-तीन पाने उघडली की तो ओळखता येतो, आणि तेव्हाच तो काढावा. फक्त पान कापून काही होत नाही, डोळा खाली तसाच राहतो. बोटांनी किंवा पाण्याच्या धारेने माती बाजूला सारा, त्या देठावरून खाली गड्ड्यापर्यंत जा, आणि पातळ धारदार सुरीने तो कोंब त्याच्या डोळ्यासह, गड्ड्याच्या तुकड्यासह आणि त्याच्या मुळांसह कापून वेगळा करा. खुंट ठेवला तर त्यातून पुन्हा हिरवेच येते. जखम एक दिवस उघडी राहू द्या, मग माती लोटा. काढलेला हिरवा कोंब फेकायची गरज नाही. 'फायर अँड आइस'मधून निघालेला हिरवा होस्टा उत्तम वाढतो, दुसरीकडे लावा.

कापण्यापूर्वी दोन गोष्टी नीट बघा. 'व्हाइट फेदर' वसंतात जवळजवळ पांढरी येते आणि उन्हाळ्यात हिरवी होत जाते; तो तिचा दरवर्षीचा क्रम आहे, बिघाड नव्हे. दुकानातला फोटो वसंतातला असतो, एवढेच. दुसरे म्हणजे गड्ड्याच्या मधोमध बारीक, वेगळ्या आकाराच्या पानांचा हिरवा कोंब दिसला तर ते गेल्या वर्षीचे बी पडून उगवलेले रोप असू शकते. अशी रोपे आईसारखी रंगीत निघत नाहीत. ती बोटाने ओढताच सहज निघतात. फुलांचा दांडा बी धरण्यापूर्वी कापला की हा प्रकारही टळतो आणि रोपाचा बीवरचा खर्चही.

काठ दरवर्षी रुंद होऊन मधला पट्टा बारीक होणे हे मात्र वेगळे. 'जून' नावाच्या जातीत, 'फायर अँड आइस'मध्ये वयानुसार असे होते. रोपाच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे. तुम्हाला पांढरे जास्त हवे असेल तर गड्डा मोठा झाल्यावर रुंद पट्ट्याचा कोंब वेगळा काढून पुन्हा सुरुवात करा आणि पुन्हा संथ वाढीची तयारी ठेवा.

विषाणू असेल तर दुरुस्ती नाही

रोप खुरटते आहे आणि पानांवर शिरांच्या बाजूने शाई फुटल्यासारखा गडद किंवा फिका रंग पसरला आहे, पान त्या जागी सुरकुतले किंवा पातळ झाले आहे, असे असेल तर होस्टा व्हायरस एक्सचा संशय घ्या. मिनेसोटा विद्यापीठात बेनहॅम लॉकहार्ट यांनी तो 1996 मध्ये ओळखला. किडे तो पसरवत नाहीत. तो रसातून, म्हणजे सुरी, कात्री, फावडे आणि हात यांवरून जातो. लक्षणे दिसायला काही वर्षेही लागतात. 'ब्रेक डान्स', 'लेपर्ड फ्रॉग' आणि 'ल्यूनसी' या नावांनी जे होस्टा नवीन जाती म्हणून विकले गेले ते प्रत्यक्षात रोगटच होते, यावरून फसगत किती सोपी आहे ते कळेल. शंका असेल तर पानाचा तुकडा घासून करायच्या चाचणी पट्ट्या मिळतात. पट्टीवर दोन रेघा आल्या तर रोप मुळांसकट पिशवीत घालून कचऱ्यात टाका. तिथली तुटकी मुळे पूर्ण मरेपर्यंत, निदान एक पूर्ण वर्ष, तिथे होस्टा नको.

सुरी प्रत्येक रोपानंतर साबणाने घासून रस काढा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात मिनिटभर बुडवा. आधी घासणे महत्त्वाचे, रसाच्या थराखाली ब्लीच पोचत नाही.

थकलेल्या रोपाला दोन हंगाम कुंडीत

एक-दोन कोंबांवर आलेले रोप पुन्हा जमिनीत लावू नका. ते कुंडीत सांभाळून सशक्त करायचे आणि मगच बाहेर काढायचे. हा उपाय जितका कंटाळवाणा तितकाच हमखास आहे.

कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम दोन इंच रुंद घ्या. एका कोंबाला सहा इंची पुरते, दोन-तीन कोंबांना आठ इंची. 'मोठी जागा दिली की मोठे होईल' हा हिशेब इथे उलटा पडतो. मोठ्या कुंडीतले माध्यम लहान मुळांना शोषता येत नाही, ओले राहते आणि मुळे कुजतात. माध्यमासाठी दोन भाग पाइनच्या सालीचा बारीक चुरा, एक भाग कुंडीसाठीची तयार माती आणि अर्धा भाग परलाइट (पाणी निचरा करणारे हलके पांढरे खनिज दाणे). बागेतली माती नको. मूठ दाबून सोडली की मिश्रण सुटे व्हायला हवे.

मुळे धुऊन, कुजके कापून, गड्ड्याची रेघ माध्यमाच्या पातळीला ठेवून लावा. वरचा इंचभर थर कोरडा लागला की छिद्रांतून वाहेपर्यंत पाणी. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन दिवसांनी येते. हळू सुटणारे दाणेदार खत पिशवीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मे, एकदाच, कोंब वर येताना. नत्र जास्त झाले तर पाने मऊ होतात, गोगलगाईंना आवडतात आणि पांढरा भाग लवकर करपतो. कुंडी वर सांगितलेल्या सकाळच्या उन्हात ठेवा. पहिल्या वर्षी फुलांचा दांडा दिसताच कापा.

हिवाळ्यात कुंडी घरात आणायची नाही. होस्टाला थंडीची झोप लागतेच. पाने पूर्ण वाळली की ती काढून कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवा, महिन्यातून एकदा अर्धा पेला पाणी, आणि उंदीर असतील तर वर जाळी. बाहेरच ठेवायची तर कुंडी आडवी करा, नाहीतर गड्ड्यात पाणी साचून गोठते. दोन हंगामांनंतर तीन-चार कोंब झाले आणि मुळांनी माध्यम धरून ठेवले की रोप जमिनीत जायला तयार. लावायची वेळ वसंत किंवा ऑगस्टचा शेवट. जमीन गोठण्यापूर्वी मुळांना सहा आठवडे मिळायला हवेत.

जमिनीतल्या रोपाला आठवड्याला एक इंच पाणी, पाऊस धरून. सपाट बुडाचा रिकामा डबा जवळ ठेवून मोजा. खत द्यायचेच तर वसंतात 10-10-10 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी दहा टक्के) चौरस मीटरला साधारण 50 ग्रॅम, पांढऱ्या जातींना त्याच्या निम्मे, आणि जुलैच्या मध्यानंतर काहीच नाही. गोगलगाईंसाठी आयर्न फॉस्फेटचे दाणे कोंब दिसताच टाका, भोके पडल्यावर नव्हे.

गड्डा फोडण्याची घाई हे या रोपांच्या मरणाचे एक मोठे कारण आहे. मैत्रिणीला एक तुकडा द्यायचा म्हणून तीन कोंबांच्या 'व्हाइट ख्रिसमस'चे तीन तुकडे केले, तर तिन्ही मरण्याचीच शक्यता जास्त. निदान सहा-सात कोंब झाल्याशिवाय हात लावू नका आणि तुकड्यात किमान तीन कोंब ठेवा. दरवर्षी जागा बदलणे हेही तितकेच वाईट.

घेतानाच निवड

चार इंची कुंडीतले स्वस्त रोप हिरव्या होस्टात चालते, पांढऱ्यात नाही. गॅलनच्या कुंडीतले, तीन तरी कोंबांचे रोप जास्त पैसे देऊन घ्या. हिरवा काठ रुंद असलेले निवडा, बारीक काठाचे रोप दुकानात सर्वांत देखणे दिसते आणि घरी आल्यावर सर्वांत आधी जाते. त्याच रूपाच्या जोमदार जातीही आहेत. 'व्हाइट ख्रिसमस'मधूनच निघालेली 'नाइट बिफोर ख्रिसमस' हिरवा काठ रुंद असल्याने भराभर वाढते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ऐवजी तिच्यातूनच आलेली 'ड्रीम वीव्हर' घ्यावी. 'जून' 2001 मध्ये अमेरिकेत वर्षाचा होस्टा ठरली होती. नवशिक्याने फिक्या मध्याची पहिली जात म्हणून तीच लावावी, असे आमचे मत.

पुणे, नाशिक, मुंबई किंवा गोव्यात हा प्रश्न वेगळा आहे, म्हणजे तिथे होस्टाच नको. त्याला काही आठवडे चार-पाच अंश सेल्सियसच्या आसपासची थंडी सलग लागते आणि महाबळेश्वरलाही ती मिळत नाही. रोप एखादे वर्ष तग धरते, मग वर वर्णन केल्याप्रमाणेच लहान होत संपते, आणि त्याला कुंडी, खत, ऊन यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. जांभळ्या-इंद्रधनुषी पानांच्या होस्टाच्या बियांची पाकिटे ऑनलाइन विकली जातात ती तर कुठेच लावू नका. तशा रंगांच्या पानांचा होस्टा अस्तित्वात नाही. सावलीत पांढरे-हिरवे पान हवे असेल तर त्याच कुळातला, आपल्या सफेद मुसळीचा जवळचा नातलग असलेला स्पायडर प्लांट लावा. त्यातही पूर्ण हिरवा कोंब निघाला तर सुरी तशीच चालवायची.